शहाजोग क्रमांक

हैदराबादच्या कोटी भागातील सुलतान बाजार हे व्यापाराचे जुने ठाणे आहे. साड्या, तयार कपडे, भांडी, बांगड्या, लग्नसराईचे सामान, आणि जवळच्या गुजराती गल्लीत विजेची व दूरध्वनीची उपकरणे असा तेथला पसारा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्या काळापासून नांदेड-परभणीकडच्या मराठी कुटुंबांचा या बाजाराशी संबंध आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, पण गिऱ्हाइकाची वाट बदलली नाही. अशा बाजारात दुकानाच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली रंगवलेला दूरध्वनी क्रमांक म्हणजे त्या दुकानाची निम्मी पत असते. वडिलांच्या वेळचा क्रमांक मुलाच्या वेळीही तोच आहे, एवढ्यावर परगावचा माणूस आगाऊ पैसे पाठवतो. हा क्रमांक आता तांब्याच्या तारेवरून उतरून इंटरनेटवर चढू लागला आहे. यंत्रसामग्रीतील एक सुधारणा एवढ्याच दृष्टीने या बदलाकडे पाहून चालणार नाही. त्यात व्यापाऱ्याची पत गुंतलेली आहे आणि जो प्रश्न सुलतान बाजाराचा, तोच म्हापशाच्या बाजाराचा आणि कळंगुट-कोळव्याच्या हॉटेलांचाही आहे.

जुन्या पद्धतीत दुकानापासून एक्स्चेंजपर्यंत तारांची एक जोडी जात असे. क्रमांक त्या जोडीला बांधलेला असे आणि जोडी जागेला. मोठ्या पेढीत किंवा हॉटेलात दहावीस ठिकाणी दूरध्वनी हवे असतील तर ईपीएबीएक्स नावाची पेटी बसवावी लागे. ती बिघडली की तंत्रज्ञाची वाट पाहणे आले. नव्या पद्धतीत आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजला जातो, त्याचे आकडे होतात, त्या आकड्यांचे वीस-वीस सहस्रांश सेकंदांचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालून तो टपालाच्या पाकिटासारखा इंटरनेटवर सोडला जातो. सेकंदाला अशी पन्नास पाकिटे एका बाजूने निघतात, पन्नास दुसऱ्या बाजूने येतात. पाकिटांना पोहोचायला सेकंदाच्या सातव्या हिश्श्याहून अधिक उशीर होऊ लागला की बोलणारे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. एरवी कानाला फरक कळत नाही. एक्स्चेंजची पेटी आता दुकानात नसतेच. ती कोठल्या तरी दूरच्या संगणकगृहात असते आणि व्यापारी तिचे महिन्याचे भाडे भरतो. हा व्यवसाय करणाऱ्या ओझोनटेलसारख्या कंपन्या हैदराबादेतच उभ्या राहिल्या, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

याचे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दुकान एका गल्लीत, गोदाम दुसरीकडे आणि हिशेब पाहणारा पुतण्या पुण्यात, असा संसार असलेल्या व्यापाऱ्याला आता एकाच क्रमांकावर तिघांनाही गाठता येते. दुपारी दुकान झाकलेले असताना आलेल्या कॉलची नोंद राहते, गिऱ्हाईक हातचे जात नाही. पूर्वी ही सोय शंभर नोकर असलेल्या कंपनीलाच परवडत असे. आज चार माणसांच्या पेढीला ती परवडते. उंटावरून शेळ्या हाकू नयेत अशी आपल्याकडची शिकवण आहे खरी, परंतु हा उंट पुष्कळांच्या कामाला येतो आहे.

मात्र या सोयीबरोबर क्रमांक जागेपासून सुटला आहे, आणि सर्व प्रश्नांचे मूळ तेथे आहे. याचा उलगडा करायचा तर सुलतान बाजाराचाच इतिहास उपयोगी पडतो.

या बाजाराचे पूर्वीचे नाव रेसिडेन्सी बाजार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याने मुसी नदीच्या उत्तरेस आपली टोलेजंग कोठी बांधली आणि तिच्या भोवती बाजार वसला. या बाजारात निजामाचा कायदा चालत नसे. तेथे रेसिडेंटचा अंमल होता आणि १९३३ साली हा टापू निजामाला परत मिळाला तेव्हा कोठे त्याचे नाव सुलतान बाजार झाले. दोन राज्यांच्या सीमेवरच्या या पट्ट्यात दोन प्रकारची माणसे आली. एक सावकार. निजामाच्या सरदारांना कर्ज द्यायचे आणि निजामाच्या कोतवालापासून दूर राहायचे, तर याहून चांगली जागा नव्हती. विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने निजाम सरकारला भारी व्याजाने दिलेली कर्जे १८२० नंतर चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट झाल्यावर उजेडात आली आणि त्यातून केवढे वादळ उठले, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. दुसरे आले ते लोकजागृती करणारे. १८९२ साली आर्य समाज, १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय आणि १९०७ साली मराठीची विवेकवर्धिनी शाळा, या संस्था याच परिसरात रुजल्या, कारण निजामाच्या हद्दीत जे बोलणे अवघड होते ते येथे काहीसे मोकळेपणाने बोलता येत होते. एकाच सीमेने सावकाराला संरक्षण दिले आणि शिक्षकालाही.

गोमंतकीयांना सीमेचा हा दुहेरी स्वभाव समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्तुगीज अमलात मुक्तीची पत्रके ज्या सीमेपलीकडून आत येत, त्याच सीमेवरून सोने चोरवाटेने बाहेर जाई. १९५५ ची नाकेबंदी आठवणारी पिढी आता थकली, पण घराघरांत त्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

इंटरनेटवरचा दूरध्वनी असाच दोन कायद्यांच्या सीमेवर वाढला. दूरध्वनीवर १८८५ च्या तार कायद्याचा अंमल होता आणि इंटरनेट हा प्रकारच वेगळा मानला गेला. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून आवाज नेण्यास परवानगी मिळाली खरी, पण संगणकावरून परदेशातील दूरध्वनीशी बोलता येई आणि शेजारच्या गल्लीतील साध्या दूरध्वनीशी बोलता येत नसे. न्यूयॉर्क जवळ आणि काचीगुडा दूर, असा हा अजब न्याय होता. ट्रायने ऑक्टोबर २०१७ मध्ये ही भिंत पाडण्याची शिफारस केली आणि जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना तसे करण्यास मोकळीक दिली. कॉल सेंटरांवर नोंदणीची सक्ती होती, ती नोव्हेंबर २०२० मध्ये गेली. देशी आणि परदेशी कॉलची यंत्रे निराळी ठेवण्याचे बंधन जून २०२१ मध्ये गेले. सुरक्षिततेचे कारण पुढे करून घातलेली ही बंधने बहुतांशी मोठ्या कंपन्यांच्या महसुलाचे रक्षण करीत होती, असे आमचे मत आहे. ती गेली याचे दुःख मानण्याचे कारण नाही.

परंतु कुंपण काढताना वाटसरूची ओळख पटवण्याची व्यवस्था आधी करावी लागते. ती झाली नाही. तारेवरच्या दूरध्वनीत कॉल कोठून आला हे एक्स्चेंजला तारेवरून कळत असे. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये करणाऱ्याचा क्रमांक ही पाकिटावर लिहिलेली एक ओळ असते, आणि ती ओळ पाठवणाराच लिहितो. पाकिटावर प्रेषक म्हणून कलेक्टरचे नाव लिहिण्यापासून भामट्याला कोण अडवणार? परदेशात बसलेल्या टोळ्यांनी भारतातील क्रमांक दाखवून लोकांना गाठले. कोणी पोलीस म्हणून, कोणी बँकेचा अधिकारी म्हणून, तर कोणी कस्टम्समधून बोलतो म्हणून. 'डिजिटल अटक' नावाची कायद्यात कोठेही नसलेली गोष्ट सांगून सुशिक्षित, निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली गेली. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने असे खोटे भारतीय क्रमांक लावून परदेशातून येणारे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल अडवले गेले. भारतीय क्रमांक दाखवून बाहेरून येणाऱ्या कॉलपैकी हे जवळजवळ नव्वद टक्के होते. म्हणजे अशा दहांतील नऊ कॉल खोट्या नावाचे होते आणि ते तोवर बिनदिक्कत आपल्या घरात शिरत होते!

दार लागल्यावर चोर खिडकी शोधतो. सिम बॉक्स नावाचे यंत्र ही ती खिडकी. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल हे यंत्र आपल्यातल्या एखाद्या सिमकार्डावरून पुढे सोडते, म्हणजे घेणाऱ्याला तो इथलाच वाटतो. जून २०२१ मध्ये बंगळुरूत अशी ३२ यंत्रे पकडली गेली, त्यांत एका वेळी ९६० सिमकार्डे चालू शकत होती. गोव्यातही भाड्याच्या बंगल्यांत बसून अमेरिकेतल्या वृद्धांना फसवणाऱ्या बनावट कॉल सेंटरांवर पोलिसांनी वेळोवेळी छापे घातले आहेत. आपला किनारा केवळ बळी जाणाऱ्यांचा नाही, हे कटू असले तरी म्हटले पाहिजे.

येथे सुलतान बाजारातील जुन्या सावकारांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांच्या हुंड्यांमध्ये शहाजोग हुंडी म्हणून एक प्रकार होता. ती कोणाही धारकाला पटवायची नसे. बाजारात ज्याची पत आहे अशा शहाच्या, म्हणजे सावकाराच्या मार्फत आली तरच पैसे मोजायचे. पुढे ती बनावट निघाली, तर आपण केवळ मध्ये होतो असे म्हणण्याची सोय त्या शहाला नव्हती. त्याला पैसे परत करावे लागत. एकमेकांना न पाहिलेल्या माणसांचा व्यवहार शेकडो कोसांवर चालत असे, तो या जबाबदारीच्या साखळीवर. काळाची गंमत अशी की आजच्या मराठीत 'शहाजोग' हा शब्द वरून साळसूद आणि आतून निराळा अशा माणसासाठी वापरला जातो. दूरध्वनी क्रमांक घाऊक विकत घेऊन किरकोळ भाड्याने देणारे आणि इंटरनेटवरचे कॉल साध्या जाळ्यात उतरवून देणारे काही जण, 'आम्ही फक्त वाहक, पाकिटात काय आहे ते आम्हाला काय ठाऊक', असे जेव्हा सांगतात, तेव्हा तो या दुसऱ्या अर्थाचाच शहाजोगपणा असतो.

जुना अर्थ परत आणणे अशक्य नाही. अमेरिकेत ३० जून २०२१ पासून मोठ्या दूरध्वनी कंपन्यांना इंटरनेटवरच्या प्रत्येक कॉलवर आपली संगणकीय सही करावी लागते. हा क्रमांक वापरणारा माणूस मला ठाऊक आहे, किंवा ठाऊक नाही, असे कंपनी त्या सहीने पुढच्या कंपनीला सांगते. हुंडीच्या पाठीवरील शेऱ्याचेच हे नवे रूप आहे. याने तेथील फसवणूक संपली असे नव्हे. लहान कंपन्यांना दिलेल्या सवलतींतून आणि जुन्या एक्स्चेंजांमधून बरेच काही निसटले. पण कॉल कोणाच्या दारातून आत आला याचा माग लागू लागला. आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने क्रमांकात फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. कॉल करणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसावे अशी शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. बँकांनी व्यवहारासंबंधीचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु १६०० ची मालिका बँकांसाठी. साडीच्या दुकानदाराने आणि आठ खोल्यांच्या लॉजच्या मालकाने आपला खरेपणा कसा सिद्ध करावा? त्याने गिऱ्हाइकाला माल तयार असल्याचे कळवायला कॉल केला, तर धास्तावलेले गिऱ्हाईक तो उचलतच नाही. चोराच्या भीतीने साव उपाशी राहतो आहे. म्हणूनच आमची मागणी अशी की शिक्षेचा रोख केवळ फेरफार करणाऱ्या अज्ञात माणसावर न ठेवता, त्याला क्रमांक भाड्याने देणाऱ्या आणि त्याचा कॉल पुढे पाठवणाऱ्या कंपनीवर आर्थिक जबाबदारी टाकावी. खोटी हुंडी चालवणारा शहा पैसे भरत असे. त्यानेही भरावेत.

दुसरा मुद्दा क्रमांकाच्या मालकीचा. ज्याच्या हाती ससा तो पारधी, या न्यायाने आज क्रमांक कंपनीचा आहे. मोबाइलच्या ग्राहकाला क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला. दुकानाच्या जागेवरील दूरध्वनीला तसा हक्क मिळालेला नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने तो दिला आणि २००७ मध्ये तो इंटरनेटवरच्या दूरध्वनीलाही लागू झाला. पाव शतक पाटीवर, पावत्यांवर, पिशव्यांवर छापलेला क्रमांक सोडायचा नसेल तर आमच्या व्यापाऱ्याने त्याच कंपनीचे दर, तिचीच सेवा आणि तिचाच उद्धटपणा सोसायचा. नवी यंत्रणा भाड्याने घ्यायची तर बहुधा नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि उद्या ती कंपनी बुडाली किंवा तिने भाडे दुप्पट केले तर तोही गेला. वीस वर्षांची पत एका करारातील बारीक अक्षरांवर लटकत राहते. व्यापारी संघांनी जीएसटीसाठी जेवढी निवेदने दिली, त्याच्या एक-दशांश जरी या विषयावर दिली असती तरी ट्रायला हालचाल करावी लागली असती.

आता आपल्या किनाऱ्याचा एक खास प्रश्न. तारेवरच्या दूरध्वनीला चालायला वीज लागे ती एक्स्चेंजमधून, त्याच तारेवरून येई. घरातले दिवे गेले तरी दूरध्वनी चालू असे. इंटरनेटवरचा दूरध्वनी वीज गेली की राउटरबरोबर मुका होतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात गोव्यात झाडे तारांवर पडली, खांब मोडले आणि कित्येक भागांत दिवस-दिवस वीज नव्हती. वादळाच्या रात्री ज्या हॉटेलात तीनशे पाहुणे आहेत, त्याने आपली सगळी दूरध्वनी व्यवस्था इंटरनेटवर नेताना निदान राउटर आणि फायबरच्या पेटीला काही तास पुरेल अशी बॅटरी ठेवली आहे काय, आणि दुसऱ्या मार्गाने येणारी जोडणी घेतली आहे काय, हे कोणी तपासतो असे दिसत नाही. अग्निशमन दल दाखला देताना पाण्याची टाकी पाहते. हेही पाहिले जावे.

याहून गंभीर गोष्ट हॉटेलांतल्या एका सवयीची. खोलीतून बाहेर कॉल करायचा तर आधी शून्य किंवा नऊ दाबावा लागतो. अमेरिकेत टेक्सासमधील एका मोटेलात डिसेंबर २०१३ मध्ये एका स्त्रीवर हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतून पोलिसांचा ९११ क्रमांक चार वेळा फिरवला. आधी नऊ दाबायचा असतो हे त्या पोरीला ठाऊक नव्हते. कॉल लागला नाही आणि आई गेली. त्यावरून झालेला कायदा फेब्रुवारी २०२० मध्ये अमलात आला. तेव्हापासून तेथे नव्याने बसवलेल्या प्रत्येक अशा यंत्रणेतून आणीबाणीचा क्रमांक थेट लागला पाहिजे आणि त्याच क्षणी स्वागतकक्षालाही कळले पाहिजे. हे करायला नव्या यंत्रणेत एकही जादा तार लागत नाही. मांडणीतली दोन-चार कलमे बदलायची असतात. ज्या १०८ क्रमांकावर गोमंतकीय माणूस २००८ पासून भरवसा ठेवून आहे, ती सेवा २००५ च्या १५ ऑगस्टला हैदराबादेत सुरू झाली. पण रुग्णवाहिकेला पत्ता हवा असतो. ज्या यंत्रणेचा क्रमांक पणजीचा, संगणकगृह मुंबईत आणि बोलणारा काणकोणच्या किनाऱ्यावर, तिने नेमकी खोली आणि गाव कळवण्याची व्यवस्था केलेली नसेल तर रुग्णवाहिका कोठे जाणार? पर्यटन खात्याने हॉटेलांची नोंदणी नूतन करताना प्रत्येक खोलीतून १०८ आणि ११२ थेट लागतात की नाही याची प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. त्याला नव्या कायद्याची गरज नाही, एका परिपत्रकाने भागेल.

आणि भाषा. सुलतान बाजारातला गल्ल्यावरचा माणूस तेलुगू, दखनी, मराठी, मारवाडी यांपैकी गिऱ्हाइकाच्या तोंडी जी येईल ती बोलतो. तो त्याचा धंदा आहे. त्याच्या जागी जी यंत्रातली बाई आली आहे ती बहुधा इंग्रजी आणि हिंदी बोलते. आपल्याकडेही बँका, विमा कंपन्या आणि इस्पितळे यांच्या दूरध्वनीवर मराठी किंवा कोकणी ऐकू येणे दुर्मीळच. तांत्रिक अडचण असती तर समजण्यासारखे होते. ध्वनिमुद्रित केलेली दहा वाक्ये, याहून तिला काही लागत नाही. डिचोलीच्या म्हाताऱ्या आजीने यंत्राशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ठरवण्याचा अधिकार गुरगावच्या कंपनीला कोणी दिला? गोवा सरकारने आपल्या खात्यांच्या आणि महामंडळांच्या दूरध्वनी यंत्रणेच्या निविदांत कोकणी आणि मराठीची अट घालावी. खासगी कंपन्यांना मग नाइलाजाने ती वाक्ये मुद्रित करून घ्यावी लागतील, कारण ती यंत्रणा विकणारे तेच असतात.

पर्यटनाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी अनेक हॉटेले आणि दुकाने हे नवे दूरध्वनी घेतील. कंपन्यांचे विक्रेते महिन्याच्या भाड्याचा आकडा सांगतील आणि तो खरोखरच कमी असेल. घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी तीन प्रश्न लेखी विचारावेत: करार संपल्यावर क्रमांक कोणाचा, वीज गेल्यावर दूरध्वनी किती तास चालेल, आणि खोलीतून १०८ फिरवल्यास रुग्णवाहिकेला कोणता पत्ता मिळेल. उत्तरे पावतीबरोबर जपून ठेवावीत.